तेलदाबाचा काटा

ईसापूर धरणाचे पाणी ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या कालव्यांनी ज्या काळ्या जमिनीत आले, त्या अर्धापूरच्या शिवारात केळीच्या बागांइतकीच आणखी एक वस्तू पदोपदी दृष्टीस पडते, आणि ती म्हणजे दहा, पंधरा किंवा त्याहूनही अधिक वर्षे राबलेली पिकअप गाडी. पाणंदीच्या चिखलातून केळीचे घड डांबरी सडकेपर्यंत आणावयाचे, हळदीची पोती नांदेडच्या मोंढ्यावर पोहोचवावयाची, परतताना खताच्या गोण्या आणि ठिबकाच्या नळ्यांची भेंडोळी घेऊन यावयाचे, असा तिचा बारमाही राबता असतो. आणि तिच्या मालकाला ती बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने मिळालेली असल्यामुळे तिच्या पूर्वायुष्याचा दाखला त्याच्यापाशी नसतो. अशा गाडीत चालकासमोरच्या फळीवर वेगाचा, डिझेलचा आणि उष्णतेचा असे जे काटे असतात, त्यांचा अर्थ चालक पहिल्या दिवसापासून जाणतो. तेलदाबाचा काटा मात्र वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर राहूनही अपरिचितच राहतो. तो खाली आला की कोणी भयभीत होऊन इंजिन खोलावयास लावतो, तर कोणी ‘जुन्या गाडीत असे चालायचेच’ म्हणून त्याकडे पाहणेच सोडून देतो. आणि या दोन्ही निर्णयांत पैशाचा अपव्यय होण्याचा संभव सारखाच असतो. वस्तुतः या काट्याने दाखविलेल्या आकड्याला एकट्याने काहीच अर्थ नाही. तेल किती तापले आहे, इंजिन किती फेऱ्यांनी फिरत आहे आणि हीच गाडी याच परिस्थितीत यापूर्वी काय दाखवीत होती, या तीन गोष्टींची साक्ष काढल्यावाचून त्याचा निवाडा करता येत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. तबकडीवर तेलाच्या कॅनचे चित्र असते. त्यामुळे हा काटा इंजिनाच्या चेंबरमध्ये किती तेल आहे ते दाखवितो, अशी पुष्कळांची समजूत होऊन बसते. तेलाचे परिमाण सांगण्याचे काम गेजपट्टीचे आहे, काट्याचे नाही. तेल उपसणारी जाळी तेलात बुडालेली आहे तोवर चेंबरमधले तेल लिटरभर कमी झाले तरी काटा बहुधा आपल्या जागीच राहतो, आणि तेलाची पातळी त्या जाळीच्या खाली गेली की मग तो एकाएकी कोसळतो; तोपर्यंत जे व्हावयाचे ते होऊन चुकलेले असते. म्हणून काटा उत्तम आहे या भरवशावर गेजपट्टी न पाहणारा चालक आणि गेजपट्टी भरलेली आहे म्हणून काट्याकडे दुर्लक्ष करणारा चालक, हे दोघेही अर्ध्याच माहितीवर गाडी हाकीत असतात.

मग हा काटा दाखवितो तरी काय? इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधून जाळीवाटे तेल ओढून घेणारा एक दातेरी चक्रांचा पंप असतो. त्याची गती इंजिनाच्या गतीशी बांधलेली असते. पंपातून निघालेले तेल फिल्टरमधून गाळले जाऊन इंजिनाच्या अंगात कोरलेल्या एका मुख्य नलिकेत येते, आणि तेथून ते क्रँकच्या मेन बेअरिंगांना, क्रँकच्या पोटातील छिद्रांतून बिगएन्ड बेअरिंगांना, कॅमशाफ्टला आणि सरतेशेवटी वरच्या रॉकरांना वाटले जाते. प्रत्येक ठिकाणी फिरणारा दांडा आणि त्याला धरणारे बेअरिंग यांच्यामध्ये साधारणतः ३ ते ८ शतांश मिलिमीटर इतकी अरुंद फट असते. तीतून तेल पाझरून पुन्हा चेंबरमध्ये टपकत राहते. पंप तेल ढकलतो आहे आणि शेकडो अरुंद वाटांनी ते निसटते आहे. या ढकलण्याला त्या वाटा जो अटकाव करतात, त्यातून मुख्य नलिकेत दाब उत्पन्न होतो. काटा दाखवितो तो हा दाब.

अर्धापूरच्या केळीबागायतदाराला ही गोष्ट समजावून सांगण्यास फार प्रयास पडू नयेत, कारण त्याच्या विहिरीवरच तिचा नमुना उभा असतो. ठिबकाच्या गाळणीपाशी जे गोल दाबमापक बसविलेले असते, ते पाणी किती आहे हे सांगत नाही. मोटारीने ढकललेल्या पाण्याला पुढच्या नळ्या व तोट्या किती अटकाव करीत आहेत, हे सांगते. एखादी नळी फाटली की दाब उतरतो. उलटपक्षी क्षाराने तोट्या बुजल्या तर दाब चढतो, पण झाडाच्या मुळाशी पाणी मात्र कमी पडते. आणि गाळणीजवळचा काटा समाधानकारक असूनही वाफ्याच्या शेवटची केळी सुकत असू शकते. इंजिनातही हे तिन्ही प्रकार घडतात. त्यातला तिसरा, म्हणजे मुख्य नलिकेत दाब असूनही टोकाच्या रॉकरापर्यंत तेल न पोहोचण्याचा, काट्यावर दिसतच नाही. अनुभवी मिस्त्री म्हणूनच टॅपेट कव्हर उघडून, इंजिन मंद चालवून, तेल वरपर्यंत चढते की नाही हे डोळ्यांनी पाहून घेतो.

आता दाब कशाने बदलतो, हे पाहू. पंपाचा उपसा फेऱ्यांच्या प्रमाणात वाढतो, हे उघड आहे. त्यामुळे रेस दिली की काटा चढणार आणि इंजिन न्यूट्रलमध्ये मंद चालू ठेवले की उतरणार, यात दोष कसलाच नाही. दुसरे कारण तेलाचा दाटपणा. बाजारात डिझेल गाड्यांसाठी सर्रास मिळणारे १५-डब्ल्यू-४० जातीचे तेल ४० अंश सेल्सिअसला जितके दाट असते, त्याच्या सुमारे एकसप्तमांशच दाट ते १०० अंशाला राहते. या जातींची क्रमवारी अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने १९११ पासून लावून दिली. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतील वागणुकीचा आणि नंतरचा तापलेल्या अवस्थेतील दाटपणाचा निदर्शक असतो. मे महिन्यात नांदेड भागातील पारा ४२ अंशांच्या वर जातो, अशा दुपारी गच्च भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पाणंदीतून ओढून आणल्यावर चेंबरमधले तेल १०० अंशांच्या वर गेले तर त्यात नवल नाही. आणि डिसेंबरातील पहाटे त्याच गाडीचे तेल मधासारखे जड होऊन बसलेले असते. एकाच इंजिनाचा काटा या दोन प्रसंगी अगदी भिन्न ठिकाणी उभा राहतो, आणि दोन्ही वेळा तो खरेच सांगत असतो.

तिसरे आणि सर्वांत गंभीर कारण म्हणजे बेअरिंगातील फट. अरुंद फटीतून निसटणारे तेल फटीच्या रुंदीच्या केवळ प्रमाणात वाढत नाही, तर तिच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हा द्रवगतिशास्त्राचा नियम आहे. ५ शतांश मिलिमीटरची फट झिजून १० शतांशाची झाली, तर तेवढ्याच दाबाखाली व तेवढ्याच दाटपणाच्या तेलाची गळती दुप्पट न होता आठपट होते. डोळ्यांना न दिसणारी ही झीज काट्यावर इतक्या ठळकपणे का उमटते, याचा उलगडा या नियमात आहे. आणि तापलेले तेल व मंद फेऱ्या हे दोन्ही एकत्र आले म्हणजेच ती प्रथम का दिसते, याचाही. तेल दाट असताना किंवा पंप वेगाने उपसत असताना गळती भरून निघते. सकाळी दिमाखाने उभा राहणारा काटा दुपारी भोकर फाट्यावर गाडी थांबवून इंजिन मंद ठेवताच तळाशी जातो, ते यामुळे.

येथे स्वाभाविकच एक शंका उत्पन्न होते. सिलिंडरातील स्फोटाचा प्रचंड भार क्रँकवर पडत असताना चौरस सेंटिमीटरला अवघ्या २ किंवा ३ किलोचा हा दाब त्याला तोलून धरतो, हे संभवनीय आहे काय? या प्रश्नाचे उत्तर मोटारगाड्यांच्याही आधी, आगगाडीच्या आसावरील प्रयोगांतून मिळाले, आणि तो इतिहास विस्ताराने सांगण्याजोगा आहे. ब्यूशॅम्प टॉवर नावाच्या इंग्रज अभियंत्याने तेथील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेसाठी बेअरिंगांच्या घर्षणाचे प्रयोग केले व त्यांचा वृत्तांत १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. आस खालून तेलात बुडालेला होता आणि वरच्या बेअरिंगावर भार दिलेला होता. तेल सोडण्यासाठी टॉवरने बेअरिंगाच्या माथ्यावर एक छिद्र पाडले, तो आस फिरू लागताच तेल त्या छिद्रातून आत जाण्याऐवजी वर उसळून बाहेर येऊ लागले. त्याने छिद्रात लाकडी खुंटी ठोकली; ती खुंटीही बाहेर फेकली गेली. तेव्हा त्याने तेथे दाबमापक लावले. बेअरिंगावरील सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड असताना काटा तबकडीच्या २०० पौंडांच्या अखेरच्या खुणेपलीकडे गेला. बाहेरून कोणीही दाब दिलेला नसताना तेलात तो निर्माण झाला होता. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने या घटनेचे गणित मांडले: फिरणारा दांडा आपल्या पृष्ठभागाला चिकटलेले तेल ओढून निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत कोंबतो, आणि त्या कोंबण्यातूनच दांड्याला उचलून धरणारा दाब उत्पन्न होतो.

मला या प्रयोगाचे मोल फार वाटते, कारण त्यामुळे गाडीच्या काट्याची खरी मर्यादा निश्चित होते. क्रँकला अधांतरी तोलून धरणारा दाब बेअरिंगाच्या आतच निर्माण होतो, आणि स्फोटाच्या क्षणी तो चौरस सेंटिमीटरला शेकडो किलोंपर्यंत चढतो. पंपाच्या दाबाचे काम इतकेच की त्या फटीत तेलाचा पुरवठा अखंड चालू राहावा. पुरवठा पुरेसा असला की काट्यावर २ आहे की ४, याने बेअरिंगाच्या संरक्षणात फार मोठा फरक पडत नाही. पुरवठा खंडित झाला की मात्र आतला तेलाचा पापुद्रा काही क्षणांत फाटतो, धातू धातूवर घासतो, आणि बेअरिंगाच्या पट्टीवरील मऊ थर पुसला जातो. म्हणून मंद फेऱ्यांवर तापलेल्या इंजिनाने दाखविलेला कमी पण स्थिर आकडा सहन करता येतो. भाराखाली चढावर चालताना खाली येणारा किंवा थरथरणारा काटा सहन करता येत नाही.

सामान्यतः अपेक्षा काय ठेवावी, हेही सांगितले पाहिजे, जरी अंतिम प्रमाण त्या त्या इंजिनाच्या कंपनीची पुस्तिका हेच होय. थंड इंजिन सुरू करताच काटा ४ ते ५ किलोंवर जातो. तापलेले इंजिन मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांवर चालत असताना २.५ ते ४ किलोंच्या दरम्यान असतो. आणि तापलेल्या इंजिनाच्या मंद फेऱ्यांवर ०.७ ते १.५ किलोंपर्यंत उतरतो. जुन्या मिस्त्रींचा एक ढोबळ हिशेब असा की तापलेल्या इंजिनात दर १००० फेऱ्यांमागे सुमारे ०.७ किलो, म्हणजे चौरस इंचाला १० पौंड, दाब मिळाला की काम भागते. वरची मर्यादा रिलीफ व्हॉल्व्ह राखतो. स्प्रिंगने दाबून धरलेली ती एक लहानशी गुल्ली असते, आणि दाब ठराविक हद्दीबाहेर गेला की ती मागे सरून जादा तेल चेंबरमध्ये परत सोडते. त्यामुळे ठराविक गतीनंतर काटा पुढे सरकत नाही, हे निरोगी इंजिनाचे लक्षण होय.

एककांचा घोटाळा आपल्याकडील जुन्या गाड्यांत विशेष आढळतो, आणि त्याला इतिहास आहे. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या अमेरिकन घराण्याच्या तबकड्यांवर चौरस इंचाला पौंड हे माप असे. पुढे त्याच कंपनीच्या गाड्यांत प्यूजोच्या परवान्याचे २११२ घनसेंटिमीटरचे एक्सडीपी ४.९० इंजिन आले, नंतर २५२३ घनसेंटिमीटरचे डीआय इंजिन आले. दुसरीकडे १९८८ मध्ये टाटांनी पुण्याहून टाटामोबाइल बाजारात आणली आणि तिच्याच वंशात २०७ निपजली. या काळातील तबकड्यांवर किलो, पौंड, बार अशी मापे आढळतात, आणि जुन्या बाजारातून एका गाडीची तबकडी उचलून दुसरीत बसविण्याचा प्रघात असल्याने चालक पौंड वाचीत आहे की किलो, याचाही भरवसा राहत नाही. १ किलो म्हणजे सुमारे १४.२ पौंड, आणि १ बार म्हणजे १ किलोहून किंचित अधिक, इतके ध्यानात ठेवले की पुरे. यापेक्षा गंभीर बाब अशी की विजेवर चालणाऱ्या काट्याची तबकडी आणि तिला दाबाची खबर पाठविणारा इंजिनावरचा सेंडर हे एकमेकांसाठीच बनविलेले असतात. जोडी बिघडली की काटा हलतो खरा, परंतु त्याचा आकडा निरर्थक होतो.

काटे मुळात दोन जातींचे. पहिल्या जातीत इंजिनापासून निघालेली बारीक तांब्याची नळी प्रत्यक्ष तेल तबकडीच्या पाठीमागे आणून सोडते. तेथे वाकवलेली चपटी नळी असते. आत दाब आला की ती सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. ही रचना पॅरिसच्या यूजीन बूर्दोंने १८४९ मध्ये वाफेच्या इंजिनांसाठी नोंदविली, आणि आजही शेतावरच्या ठिबकापासून कारखान्याच्या बॉयलरपर्यंत तीच चालते. ती तत्पर आणि प्रामाणिक आहे. उणीव इतकीच, की नळी चिरली तर कढत तेल चालकाच्या पायांवर येते. दुसऱ्या जातीत इंजिनावर बसविलेल्या सेंडरमध्ये एक पडदा असतो. दाबाने तो हलला की विजेचा रोध बदलतो आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला काटा सरकतो. येथे तेलाच्या जोडीला वायरिंगही काट्यावर सत्ता गाजवू लागते. सेंडरच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली तर त्याचे अर्थिंग तुटते. तार गंजली, तिचे टोक ढिले झाले, तर काटा पडतो किंवा काही गाड्यांत एकदम माथ्यावर जातो. डिझेलचा, उष्णतेचा आणि तेलाचा असे तिन्ही काटे एकाच वेळी भरकटले असतील, तर इंजिनाला दोष देण्याआधी तबकडीचा विद्युतपुरवठा आणि अर्थिंग तपासावे.

अमेरिकेत तर याहून विलक्षण प्रकार झाला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून फोर्डच्या पिकअप गाड्यांत तबकडी पूर्ववत ठेवून सेंडरच्या जागी साधा स्विच बसविण्यात आला. किमान दाब मिळताच काटा मध्यावर जाऊन स्थिर राही, आणि दाब त्या किमान मर्यादेखाली गेला तरच पडे. खालीवर होणाऱ्या काट्याने ग्राहक अकारण घाबरतो, हा विचार त्यामागे असला तरी मला ही योजना पटत नाही. काट्याचे सारे सामर्थ्य हळूहळू होणारा बदल दाखविण्यात आहे. तेच काढून घेतले तर तो लाल दिव्याहून अधिक काही उरत नाही. आणि लाल दिव्याची स्थिती अशी की बहुतेक गाड्यांत तो चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आसपास किंवा त्याखाली दाब गेल्यावरच पेटतो; म्हणजे त्याची इत्तिला येते ती प्रसंग ओढवल्यावर.

यावरून कामाचा क्रम ठरतो. काटा उतरलेला दिसला की इंजिन खोलण्याचा हुकूम देण्यापूर्वी काट्याचीच तपासणी करावी. गॅरेजमध्ये रबरी नळीला जोडलेले एक यांत्रिक दाबमापक असते. सेंडर काढून त्या जागी ते फिरवावे, इंजिन पूर्ण तपवावे, आणि मंद फेऱ्यांवर व रेस देऊन असे दोन आकडे पाहावेत. अर्ध्या तासाचे हे काम आहे. एवढी रुजवात न घेता क्रँक उतरविल्याची आणि अखेर एका गंजलेल्या तारेवर येऊन थांबल्याची उदाहरणे कोणत्याही जुन्या मिस्त्रीला विचारावीत.

दाब खरोखरच कमी निघाला तर गेजपट्टी बाहेर काढून तिच्यावरील तेल बोटांत चोळून पाहावे. पातळी कमी असेल तर भर घालावी आणि गळती शोधावी. पातळी आपोआप वाढलेली असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर कोठून तरी डिझेल चेंबरमध्ये उतरत आहे व तेल पातळ झाले आहे. अशा वेळी नुसते तेल बदलणे म्हणजे पुन्हा चार दिवसांत त्याच जागी येणे. तेल दुधाळ चहासारखे दिसत असेल तर पाणी शिरले आहे. तेल केवळ काळे असेल तर चिंतेचे कारण नाही; डिझेल इंजिनात काजळी तेलात मिसळते आणि नवे तेलही अल्पावधीत काळे पडते. त्यानंतर पाळी येते रिलीफ व्हॉल्व्हची. कचऱ्याने त्याची गुल्ली उघडीच अडकून राहिली, तर पंपाने उपसलेले तेल वाटेतूनच चेंबरमध्ये परत जाते. मग चेंबर उतरवून जाळी पाहावी. पॅकिंगच्या जागी हात सैल सोडून लावलेल्या सिलिकॉनचे तुकडे त्या जाळीवर जाऊन बसलेले पुष्कळदा सापडतात, आणि वाढत्या रेसबरोबर दाब चढण्याऐवजी उतरू लागणे ही त्याची खूण आहे. वळणावर किंवा ब्रेक लावताना काटा डळमळत असेल तर पंप तेलाबरोबर हवा ओढत आहे. त्याचे मूळ कमी पातळीत असू शकते, तसेच खुणेच्या वर भरलेल्या व क्रँकने फेसाळून टाकलेल्या तेलातही असू शकते. हे सर्व निर्दोष ठरले, आणि जोडीला भाराखाली इंजिनाच्या पोटातून खोल ठोक्याचा आवाज येत असला, तरच पंप व बेअरिंग यांच्या झिजेकडे वळावे. मग मात्र क्रँक मापून, गरजेनुसार ग्राइंडिंग करून अंडरसाइज बेअरिंग बसविण्यावाचून गत्यंतर नाही.

अतिउच्च दाबाविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. थंडीतील पहिली काही मिनिटे सोडून तापलेल्या इंजिनातही काटा माथ्यावरच राहत असेल तर तेल फार जड आहे, रिलीफ व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला आहे, किंवा पुढची नलिका बुजली आहे. आणि बुजलेल्या ठिबकाप्रमाणे येथेही चढलेला काटा उपासमारीची खबर असू शकतो.

जड तेलाचा विषय मात्र तपशिलाने बोलण्याजोगा आहे, कारण आपल्या भागात हा उपाय सर्वांत लोकप्रिय आहे. काटा उतरला की २०-डब्ल्यू-५० किंवा त्याहून दाट तेल ओतावे आणि काटा वर आला की समाधान मानावे, असे अनेकांचे चालते. जड तेल फटीतून कमी निसटते, म्हणून दाब चढतो, हे खरे. झिजलेल्या इंजिनाला हंगाम संपेपर्यंत तगविण्यासाठी, मालकाने जाणूनबुजून केलेली ही तात्पुरती तजवीज मी गैर मानीत नाही; केळीची तोड ऐन भरात असताना गाडी महिनाभर गॅरेजमध्ये उभी करणे कोणालाही परवडत नाही. परंतु फट होती तेवढीच राहते. शिवाय थंड इंजिन सुरू करताना जड तेल टोकापर्यंत उशिरा पोहोचते, आणि इंजिनाच्या झिजेचा मोठा वाटा त्या पहिल्या क्षणांतच घडतो. अशा तेलाने उचललेला काटा पाहून ज्याने तजवीज केली तोच पुढे ती विसरतो, हा त्यातला खरा धोका आहे.

या सर्वांवर सर्वांत स्वस्त साधन एक नोंदवही होय. गाडीत बहुधा फेऱ्यांचा काटा नसतो. तेव्हा थंड इंजिन सुरू केल्यावरचा आकडा, पूर्ण तापल्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० किलोमीटर वेगाने सपाटीवर चालतानाचा आकडा, आणि त्यानंतर लगेच थांबून मंद फेऱ्यांवरचा आकडा, असे तीन आकडे दरमहा एकदा तारीख, किलोमीटर आणि तेलाची जात यांसह लिहून ठेवावेत. तेल बदलल्यानंतर थोडी वाढ आणि पुढील बदलापर्यंत थोडी घट, हा मामुली चढउतार होय. ऋतूप्रमाणे होणारा फरकही दोन वर्षांत ओळखीचा होतो. परंतु एका मे महिन्यात मंद फेऱ्यांवर १.२ दाखविणारी गाडी त्याच तेलावर पुढच्या मे महिन्यात ०.८ दाखवू लागली, तर तिला सवडीच्या काळात गॅरेजात न्यावयाची वेळ आली आहे, आणि ते ठरविण्यास अद्याप पुरेसा अवधी आहे.

धावत्या गाडीत काटा शून्यावर आला आणि त्याबरोबर लाल दिवाही पेटला, तर अवधीचा प्रश्नच उरत नाही. गाडी न्यूट्रल करून बाजूला घ्यावी आणि त्याच क्षणी इंजिन बंद करावे. पुढच्या गावापर्यंत, पेट्रोल पंपापर्यंत असा विचार करू नये. पाच-दहा मिनिटांनी गेजपट्टी पाहावी. तेल पुरेसे असले तरी दाब आहे याची खात्री पटेपर्यंत गाडी ओढूनच न्यावी, आणि ओढताना गिअरमध्ये टाकून इंजिन फिरवू नये. दोष तारेचा निघाला तर ओढण्याचे भाडे तेवढे वाया जाईल. तो पंपाचा असेल तर क्रँक वाचेल.

जुनी पिकअप विकत घेणाऱ्यानेही हीच दृष्टी ठेवावी. विकणाऱ्याच्या अंगणात आधीच तापवून ठेवलेले इंजिन पाहू नये. बॉनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करून मगच चावी फिरवावी. चावी पहिल्या टप्प्यावर नेताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, लाल दिवा पेटला पाहिजे आणि काटा शून्यावर असला पाहिजे. दिवा पेटतच नसेल तर तो काढून टाकलेला असण्याची शंका घ्यावी. मग अर्धापूरहून नांदेडच्या दिशेने आसना नदीपर्यंत गाडी नेऊन परत आणावी, शक्य तर भार घालून. परतल्यावर रेस न देता इंजिन दहा मिनिटे मंद चालू द्यावे, आणि तेल कोणत्या जातीचे व केव्हा बदलले हे विचारून घेऊन, काटा कोठे स्थिरावतो ते पाहावे. व्यवहाराची बोलणी त्यानंतर सुरू करावीत.